चाप कोणाच्या हाती?

बंदुकीच्या सर्व अवयवांत चाप हा दिसायला अगदी लहान. नळी डोळ्यांत भरते, दस्ता खांद्याला जाणवतो. चापाचा संबंध येतो तो केवळ तर्जनीच्या टोकाशी. तथापि माणसाच्या मनातील इच्छेचे कृतीत रूपांतर होते ते याच ठिकाणी. बोट दाबले तर बार उडेल आणि दाबले नाही तर उडणार नाही, एवढ्या एका भरवशावर बंदूक बाळगणाऱ्याचे आणि त्याच्या अवतीभवती वावरणाऱ्यांचे प्राण विसंबून असतात. हा भरवसा देण्याची जबाबदारी कोणाची, बनविणाऱ्याची, सरकारची की विकत घेणाऱ्याची, हा प्रश्न अमेरिकेत गेली कित्येक वर्षे धुमसत आहे. सत्तरी, सांगे, काणकोण भागांत पिकांच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका बाळगणारे शेतकरी आपल्याकडेही असल्यामुळे या प्रश्नाकडे परक्या देशाची भानगड म्हणून पाहून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

कारखान्यातून आलेल्या रायफलीचा मूळ चाप उतरवून त्याच्या जागी दुसऱ्याच उत्पादकाने बनविलेला चाप बसविणे हा अमेरिकेत एक जुना आणि भरभराटीचा व्यवसाय आहे. १९४६ साली स्थापन झालेली टिमनी ही कंपनी तर चापांसाठीच ओळखली जाते. सवयीच्या हाताला हे काम कठीण नाही. दोन पिना काढाव्या, जुना संच उतरवावा, नवा चढवावा, की झाले. तेथील कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तिचा मुख्य सांगाडा. चाप हा निव्वळ सुटा भाग. त्यामुळे तो टपालाने घरपोच येतो आणि घेणारा कोण, कशासाठी घेतो, याची विचारपूस कोणी करीत नाही.

या हौसेत मुळातच काही गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. शिकारी रायफलीचे वजन साधारणतः तीन-साडेतीन किलो. तिच्या चापावर अडीच किलोच्या आसपास जोर द्यावा लागला, तर बोटाच्या त्या झटक्यानेच नळी हलते आणि नेम चुकतो. दीड किलोच्या आतबाहेर दाबाने, अडखळता न सुटणारा चाप बसविला की तीच रायफल अधिक अचूक होते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक सुवर्णपदक मिळविले आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकावले. कोल्हापूरच्या या नेमबाजांचे कौशल्य डोळ्यांइतकेच बोटाच्या टोकाशी एकवटलेले असते. मात्र या खेळातही चाप सर्वस्वी खेळाडूच्या मर्जीवर सोडलेला नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाने किमान ५०० ग्रॅमचे वजन पेललेच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि ते वजन चापाला टांगून प्रत्यक्ष पाहिले जाते. हौसेला मर्यादा असावी आणि ती मर्यादा तिसऱ्याच कोणी तपासावी, हे तत्त्व खेळाने पत्करले आहे. बाजाराने मात्र ते पत्करलेले नाही.

अमेरिकेतील असंख्य रायफलधारकांनी चाप बदलला तो काही अचूकतेच्या हौसेने नव्हे, तर भीतीपोटी. रेमिंग्टन ही तेथील १८१६ सालापासूनची नामांकित कंपनी. तिने १९६२ साली बाजारात आणलेली ‘मॉडेल ७००’ ही रायफल घरोघरच्या शिकाऱ्यांत लोकप्रिय झाली. अमेरिकी लष्कराच्या नेमबाज रायफलीही तिच्याच बांधणीवर बेतल्या गेल्या. तिचा चाप माइक वॉकर या अभियंत्याने आखलेला असून तो १९४८ पासून कंपनीच्या आधीच्या रायफलींत वापरात होता. फायरिंग पिनेला रोखून धरणारी जी खिट्टी असते ती आणि चाप यांच्यामध्ये या रचनेत ‘कनेक्टर’ नावाची एक बारीक पट्टी बसविली होती. ही पट्टी चापाला पक्की जोडलेली नसून केवळ स्प्रिंगच्या जोरावर चिकटून राहते आणि प्रत्येक बारासरशी क्षणभर विलग होते. त्या फटीत कचरा, गंज वा थिजलेले तेल अडकले, तर पट्टी पूर्ववत जागी बसत नाही, खिट्टीचा आधार निसटतो आणि सेफ्टी सरकविताना किंवा बोल्टला हात लावतानाच बार उडू शकतो, असा आक्षेप जाणकारांनी न्यायालयांत पुनःपुन्हा मांडला.

त्यात भर अशी की, १९८२ पर्यंतच्या या रायफलींत काडतूस बाहेर काढण्यासाठी बोल्ट उघडायचा झाला तर आधी सेफ्टी सोडणे भाग होते. म्हणजे बंदूक रिकामी करून निर्धोक करण्याचा क्षण हाच सर्वांत धोक्याचा क्षण! २००० साली माँटाना राज्यात नेमके असेच घडले. शिकारीहून परतल्यावर घरातील माणूस रायफल रिकामी करीत असता ती उडाली आणि नऊ वर्षांचा मुलगा प्राणास मुकला. चापाला बोट लागले नव्हते, असे कुटुंबीयांचे सांगणे होते. असे सांगणारे ते एकटे नव्हते. देशभरातून शेकडोंनी तक्रारी आल्या, दावे उभे राहिले.

कंपनीचा पवित्रा अखेरपर्यंत एकच राहिला. बंदूक निर्दोष आहे. मालकाने निगा राखली नसेल, चापाशी छेडछाड केली असेल किंवा नकळत बोट लागले असेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असेच जणू ती म्हणत होती. परंतु दाव्यांतून बाहेर पडलेली आणि २०१० साली सीएनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीने उजेडात आणलेली कागदपत्रे वेगळेच बोलतात. अधिक सुरक्षित रचना खुद्द वॉकर यांनीच १९४८ साली सुचविली होती आणि तिचा वाढीव खर्च बंदुकीमागे साडेपाच सेंट इतका होता! ती स्वीकारली गेली नाही. साडेपाच सेंटांचा हिशेब ज्यांनी केला त्यांना पुढे लक्षावधी डॉलर नुकसानभरपाईत मोजावे लागले. गेलेली माणसे मात्र त्या डॉलरांनी परत आली नाहीत.

अशा वेळी सरकार काय करीत होते, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर चमत्कारिक आहे. अमेरिकेने १९७२ साली ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी कायदा करून एक आयोग स्थापन केला. पण त्या आयोगाच्या कक्षेतून बंदूक वगळण्यात आली. त्यामुळे खेळण्यातील बंदूक सदोष निघाली तर ती परत मागविण्याचा अधिकार सरकारला आहे. खरी बंदूक सदोष निघाली तर नाही! ती परत मागवायची की नाही हे उत्पादकाने स्वतःच्या खुषीने ठरवावयाचे. कंपनीने २००६ साली नवा चाप आणला खरा. परंतु जुळणीत वापरलेला चिकट पदार्थ जादा झाल्याने तोही आपोआप उडू शकतो म्हणून २०१४ च्या एप्रिलमध्ये तिलाच तो माघारी बोलवावा लागला. त्याच वर्षी मांडलेल्या आणि २०१७ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार सुमारे ७५ लाख बंदुकांच्या मालकांस दुरुस्ती वा भरपाई देऊ करण्यात आली. कंपनीने दोष तेव्हाही कबूल केला नाही. मंजुरीच्या वेळेपर्यंत शंभरांत एका मालकानेही दावा भरलेला नव्हता. पुढे २०१८ साली कंपनी दिवाळखोरीत गेली, २०२० साली पुन्हा गेली आणि तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. दाद मागावी तर कोणाकडे?

म्हणूनच त्या देशातील शहाणा शिकारी स्वतःच्या खिशातून पैसे मोजून दुसऱ्याचा चाप विकत घेतो. व्यापारी भाषेत याला रायफलीची ‘सुधारणा’ म्हणतात. आमच्या मते ही सुधारणा नव्हे, तर उत्पादकाने न फेडलेले कर्ज ग्राहकाने फेडणे होय. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला परवडते तो सुरक्षित झाला. ज्याला ठाऊक नाही, वडिलांची रायफल वारसाने आली म्हणून जो ती भिंतीवरून काढून रानात नेतो, त्याचे काय? त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाचे काय?

बरे, जो बाजार सुरक्षिततेचा चाप विकतो तोच बाजार दुसऱ्याही प्रकारचा चाप विकतो. १९३४ च्या अमेरिकी कायद्यानुसार चापाच्या एकाच क्रियेत एकाहून अधिक गोळ्या सुटल्या तर ती मशीनगन ठरते; १९८६ पासून नव्या मशीनगन सामान्य नागरिकांना विकण्यास बंदी आहे. या शब्दरचनेतून वाट काढण्यासाठी असा चाप बनविण्यात आला की, बोट दाबूनच ठेवावे. प्रत्येक बारानंतर यंत्रणाच चापाला जोराने पुढे ढकलते आणि बोटाच्या दाबाने तो लगेच पुन्हा मागे येतो. गोळ्यांचा वर्षाव होतो, पण कायद्याच्या अक्षरात प्रत्येक गोळीसाठी चाप ‘वेगळा’ हललेला असतो! २०१७ साली लास व्हेगास येथे त्याच रात्री ५८ माणसे मारली गेली, तेव्हा हल्लेखोराने याच हेतूचा एक विशिष्ट दस्ता वापरला होता. त्यावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली आणि २०२५ च्या मे महिन्यात तेथील सरकारने वर वर्णिलेल्या चापाच्या उत्पादकाशीही तडजोड करून विक्रीची वाट मोकळी केली. अक्षर जिंकले आणि कायद्याचा हेतू हरला, असेच याचे वर्णन करावे लागेल.

यावर प्रतिवाद असा केला जातो की, सुजाण नागरिकाला आपल्या वस्तूत हवा तो बदल करण्याचे स्वातंत्र्य असावे. निष्काळजी माणसाच्या हाती कोणतेही यंत्र घातकच ठरते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु चाप बिघडला तर त्याची शिक्षा केवळ मालकाला होत नाही. गोळी नळीतून बाहेर पडल्यावर कोणाचा मुलगा, कोणाची गाय, हे पाहत नाही. ज्या वस्तूचा दोष तिऱ्हाइताच्या जिवावर उठतो, तिच्या निर्दोषपणाची हमी खासगी खरेदीवर सोपविणे हा स्वातंत्र्याचा सन्मान नव्हे. ती राज्याने झटकलेली जबाबदारी आहे.

आपल्या देशाची स्थिती या बाबतीत अधिक समाधानकारक आहे, हे नमूद करताना आम्हांस आनंद होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या संज्ञेतच शस्त्राच्या सुट्या भागांचाही समावेश आहे. विक्रीच्या शस्त्रांची निर्मितीच नव्हे तर बदल व दुरुस्ती करणाऱ्यासही परवाना लागतो. चापावर दाब असेपर्यंत किंवा काडतुसे संपेपर्यंत गोळ्या सुटतच राहतील अशी रचना केलेली बंदूक हे निषिद्ध शस्त्र, अशी आपली व्याख्या आहे. येथे कायदा यंत्राची हालचाल मोजत नाही, माणसाच्या बोटाचा दाब मोजतो. अमेरिकेत जी शब्दच्छलाची फट राहिली ती आपल्या शब्दांत राहू नये, असे आम्हांस वाटते.

तथापि कायदा चांगला असला म्हणजे बंदूक चांगली असतेच असे नाही. आपल्या कुळागरांतून आणि डोंगरउतारांवरच्या शेतांतून रानडुकरे, गवे, माकडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी ज्या बंदुका आहेत, त्यांपैकी कित्येक वडिलार्जित आहेत. कोकणपट्टीचा दमट पावसाळा लोखंडाला काय करतो हे येथे कोणास सांगावयास नको. गंज आणि थिजलेले तेल हे रेमिंग्टनच्या चापाचे शत्रू होते. ते आपल्या एकनळीचे मित्र असण्याचे कारण नाही. परवाना देताना माणसाची चौकशी होते आणि ती व्हावयासच हवी. त्याच कसोशीने बंदुकीचीही व्हावयास नको काय?

यासाठी नवे खाते वा नवा कर नको आहे. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम सुटतात आणि ऐन हंगामात राखणीची बंदूक गेली म्हणून शेतकऱ्यांची कुरकुरही दर वेळी ऐकू येते. ती कुरकुर रास्त आहे. बंदूक जमा करून घेतलीच, तर ती नुसती कोपऱ्यात उभी करून ठेवण्याऐवजी पोलीस खात्यातील आर्मररने तिचा चाप, खिट्टी आणि सेफ्टी तपासावी, चापाला वजन टांगून पाहावे, दोष आढळल्यास मालकास लेखी कळवावे आणि परवानाधारक कारागिराकडून तो दुरुस्त झाल्याची नोंद पुस्तिकेत करावी. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळीही हीच पद्धत ठेवता येईल. तपासणी विनामूल्य असावी. कारण पोफळीच्या बागेची राखण करणारा गरीब माणूस फीच्या धाकाने बंदूक लपवू लागला तर रोगापेक्षा औषध जड व्हावयाचे. तसेच चाप हलका करून घेण्यासाठी गावच्या लोहाराच्या हाती कानस देण्याचा मोह मालकांनी टाळावा. शिकारीच्या चोरट्या नादात अशी कामे होत असतील तर त्यांवर सक्त कारवाई व्हावी.

खंडेनवमीला आपण शस्त्रांना हळदकुंकू लावतो, फुले वाहतो. शस्त्र पुसून, उघडून, निकोप करून ठेवावे हाच त्या पूजेचा मूळ हेतू असला पाहिजे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाला साडेपाच सेंटांची काटकसर किती महागात पडली, हे आपल्यासमोर आहे. आपल्याकडे तर एका आर्मररचा अर्धा तास एवढाच खर्च आहे. येत्या निवडणुकीत बंदुका जमा होतील त्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यांनी आणि पोलीस खात्याने या सूचनेचा विचार करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.