पाणी सरकारचे, काठ शेतकऱ्याचा

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर पर्यटकांसाठी होड्या आल्या, तेव्हा वाटेचा प्रश्न पडला नाही. किल्ला राज्य संरक्षित स्मारक, त्यामुळे पाण्यापर्यंत जायला कोणाचा बांध ओलांडावा लागत नाही. किल्ल्याबाहेर मात्र बोरी असो, तेरणा असो की सीना, काठाला थेट सातबारा भिडलेला आहे. कयाक घेऊन येणाऱ्या तरुणांना नदी मोकळी वाटते, पण तिथवर पोहोचायचे तर कोणाच्या तरी सोयाबीनमधून जावे लागते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार खासगी मालकीचे नसलेले नदी-नाल्यांचे पात्र शासनाचे आहे. ही मालकी शासनाला वाळूचा लिलाव काढताना नेमकी आठवते. लोकांना त्या पात्रापर्यंत नेणारी वाट राखताना आठवत नाही. कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात, तो शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी. नदीवर जाऊ पाहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. नद्या ही शासनाने जनतेसाठी सांभाळायची ठेव आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीकाठच्या कमलनाथ प्रकरणात 1996 मध्येच सांगितले. त्या निकालाला अर्थ यायचा तर गावागावात नदीकडे जाणारी वाट कागदावर दिसली पाहिजे.

तरीही ही वाट काठच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून काढता येणार नाही. सप्टेंबर 2025 च्या महापुरात परंडा आणि भूम तालुक्यांत नदीकाठची माती पिकासकट वाहून गेली. ज्याने ती जमीन पुन्हा उभी करायला घेतली, त्याला परक्या माणसांची वर्दळ नको वाटली तर तो आडमुठेपणा नव्हे. शिवाय आपल्या नद्यांना होडी चालेल एवढे पाणी असते ते पावसाळ्याच्या अखेरीस, आणि सोयाबीनची काढणी-मळणीही तेव्हाच येते. काठावर मोटारी, पाण्यात पाईप, उघड्यावर केबल. एखादा पोरगा विजेच्या धक्क्याने दगावला तर पहिला जाब शेतकऱ्यालाच विचारला जाईल. ही भीती खरी आहे आणि तिचे उत्तर धोरणातच हवे.

पण शेवटची वाट काट्या टाकून बंद झाली की अडचण फक्त हौशी वल्हेकऱ्यांची होत नाही. जाळे घेऊन जाणारा भोई, पाण्यावर जाणारी जनावरे, दशक्रियेला आलेले कुटुंब, सगळ्यांची ती वाट असते. इंग्लंडमध्ये वल्हेकरी आणि काठमालक यांचा वाद अनेक दशके चालू आहे. शेजारच्या स्कॉटलंडने 2003 च्या कायद्याने जमीन आणि पाणी लोकांना खुले केले, मात्र जबाबदारीने वागण्याच्या अटीवर. आपण भांडण पेटण्याआधी ही अट घालू शकतो.

सुरुवात शासनाच्याच जमिनीवरून व्हावी. माकणीचा निम्न तेरणा आणि सीना-कोळेगाव या प्रकल्पांसाठी संपादित केलेला काठ आहे, पुलांचे उतार आहेत, गावांचे जुने घाट आहेत. तिथे जिल्हाधिकाऱ्यांनी मोजक्या जागा ठरवून फलक लावावेत. गाळपेर करणारे आणि मच्छीमार संस्था यांना आधी विचारावे, नंतर कळवू नये. खासगी शेतातून वाट लागलीच, तर ती संमतीने, मोबदला देऊन आणि सुगीचे दिवस वगळून. पिकाची नुकसानी भरून देण्याची जबाबदारी सहल नेणाऱ्या आयोजकावर असावी. अपघाताचा बोजा शेतकऱ्यावर पडू नये. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त घेण्याचा निर्णय राज्याने 2025 मध्ये घेतला आहे. नदीकडे जाणाऱ्या जुन्या पाणंदी आणि शिवरस्ते त्याच मोहिमेत मोजून घ्यावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तहसीलदारांनी पुढच्या पावसाळ्याआधी नदीकाठच्या गावांत ग्रामसभेसमोर ही मोजणी करावी.