टेंडर ‘बिलो’ जातं, ते कुणाच्या जिवावर?

सरकारी बांधकामाच्या निविदा भरण्याचं आणि बिलं बनवण्याचं काम मी अनेक वर्षं केलं. १ कोटीच्या अंदाजपत्रकाचं काम कुणी २२ टक्के ‘बिलो’ भरून ७८ लाखांत घेतलं, की जनतेचे पैसे वाचले म्हणून कौतुक होतं. हे २२ लाख निघाले कुठून, हे कुणी विचारत नाही.

सिमेंट-सळईचा बाजारभाव सगळ्यांना जवळपास सारखाच. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-विश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतात. ते सगळे सोडले तरी हिशेब जुळत नाही. मग माल मारला जातो, नाहीतर मजुरी. गटारलाइनच्या खोदाईत कडांना आधार देणं, पाणी उपसणं हे बहुधा दरातच ‘समाविष्ट’ असतं. त्याचं वेगळं बिल निघत नाही, म्हणून पहिली कात्री तिथंच लागते. मी पाहिलेल्या साइटवर त्या खड्ड्यात उतरणारे बहुतेक दलित-आदिवासीच होते.

ठेकेदार आपला तोटा मात्र भरून काढतो. समजा, निविदेत कठीण खडक १० घनमीटर दाखवलाय आणि निघणार आहे २००. ज्याला हे आधी कळतं तो खडकाचा दर चढवतो, मातीचा पाडतो. बेरजेत तोच स्वस्त दिसतो. वाढीव कामाला नवा दर लावायची तरतूद बऱ्याच करारांत असते. पण वाढीव काम असो की ‘एक्स्ट्रा आयटम’, तिथं स्पर्धा संपलेली असते. दर मागणारा आणि मंजूर करणारा एकाच टेबलावर चहा घेत असतात.

त्या टेबलाला जात असते. आमच्या समाजातल्या एका छोट्या ठेकेदाराचं खरोखर झालेलं जादा काम ‘कोटेशन जोडा’ म्हणत महिनोन्‌महिने अडवलेलं मी पाहिलंय. त्याच कार्यालयात दुसऱ्यांचं आठवड्यात सुटायचं.

सरकारी बांधकाम कंत्राटांत अस्पृश्यांना वाटा नाही, ही तक्रार बाबासाहेबांनी १९४२ मध्येच व्हाइसरॉयकडे मांडली होती. कर्नाटकानं ५० लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जाती-जमातींसाठी २४.१ टक्के राखीव ठेवले, पुढे मर्यादा १ कोटी केली. केंद्राच्या २०१२ च्या सूक्ष्म-लघु उद्योग खरेदी धोरणात दलित-आदिवासी उद्योजकांसाठी ४ टक्के आहेत, पण बांधकामाची कंत्राटं त्यातून वगळलेली.

कर्नाटकासारखं आरक्षण देशभर हवंच. पण निविदेत शिरून भागत नाही, बिल निघेपर्यंत टिकावं लागतं. म्हणून मजुरी आणि सुरक्षेचा खर्च निविदेत वेगळा दाखवा, त्यावर ‘बिलो’ चालणार नाही असं लिहा. प्रत्येक एक्स्ट्रा आयटम, त्याचा दर, मंजुरीला लागलेले दिवस आणि मंजूर करणाऱ्याचं नाव संकेतस्थळावर टाका.

खडक जास्त लागला तर ठेकेदाराला जादा पैसे मिळतात. तो फोडणाऱ्याची हजेरी तेवढीच राहते. ‘बिलो’चं कौतुक करण्याआधी ती हजेरी बघा.