जुळवून घ्यायचे कोणी?

विद्यापीठीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाविषयी महाराष्ट्रात एक मत इतके रूढ झाले आहे, की ते सिद्ध करून दाखवण्याची गरजही कोणाला भासत नाही. खेड्यातून किंवा तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईत आलेल्या विद्यार्थ्याने गावाकडच्या सवयी, बोली आणि माणसे मागे टाकावीत, शहराच्या रीतीत स्वतःला मुरवून घ्यावे, आणि ज्याला हे साधत नाही त्याचीच जिद्द कमी पडली असे समजावे, असे ते मत आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडण्यापूर्वी ते त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे, असा शास्त्रार्थाचा नियम असून त्या मांडणीला पूर्वपक्ष म्हणतात. म्हणून या मताला विद्वत्तेचाही आधार मिळालेला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीव्हिंग कॉलेज’ या ग्रंथात विद्यार्थ्यांच्या गळतीची उपपत्ती मांडताना मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड वान गेनेप यांच्या संक्रमणविधींच्या कल्पनेचा उपयोग केला. एका अवस्थेतून दुसरीत जाणाऱ्या व्यक्तीसाठी समाज जे विधी करतो, म्हणजे नामकरण, मुंज, विवाह यांसारखे, ते संक्रमणविधी होत. आणि त्यांत वियोग, संक्रमण व समावेश असे तीन टप्पे असतात, असे वान गेनेप यांनी १९०९ मध्ये दाखवले होते. टिंटो यांनी हीच चौकट महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला लावली. त्यांनी गळतीचा सगळा दोष विद्यार्थ्यावर टाकलेला नव्हता, संस्थेचे वर्तनही त्यांनी हिशेबात धरले होते. परंतु लोकमताने त्यातला वियोग तेवढा उचलला.

या उपपत्तीवर उच्च शिक्षणाचे अभ्यासक विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये घेतलेला आक्षेप निर्णायक आहे. संक्रमणविधी एकाच संस्कृतीच्या आत घडतो. ज्याची मुंज होते तो मुलगा मंत्र म्हणणाऱ्यांच्याच घरातला असतो, आणि मुंजीत कोणी नापास होत नाही. मूलनिवासी अमेरिकन विद्यार्थी गोऱ्यांच्या महाविद्यालयात जातो तेव्हा मात्र तो दुसऱ्याच्या संस्कृतीत प्रवेश करतो, आणि तिथे वियोगाची अट घालणे म्हणजे त्याला स्वत्व सोडायला सांगणे होय. महाराष्ट्रातल्या पाड्यांवरच्या, तांड्यांवरच्या आणि कोरडवाहू गावांतल्या मुलामुलींना ही टीका शब्दशः लागू पडते. तालुक्याला शिकणाऱ्या मुलासाठी घरून एसटीने डबा येतो. त्या डब्याला अपूर्ण वियोगाची खूण मानणाऱ्याला हा मुलगा कशाच्या बळावर टिकून आहे, हेच कळलेले नसते.

रूढ मताच्या बाजूने केला जाणारा दुसरा दावा म्हणजे या विद्यार्थ्यांची तयारीच कमी असते. कला किंवा वाणिज्य शाखेत मराठी माध्यमातून बारावी झालेली विद्यार्थिनी ‘मागणीची लवचिकता’ ही संकल्पना शिकून आलेली असते, म्हणजे किंमत बदलली असता मागणी किती प्रमाणात बदलते, हे तिला उदाहरणासह सांगता येते. पहिल्या सत्रात प्राध्यापक ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ असे म्हणून पुढे सरकतात, तेव्हा तिला माहीत असलेलीच गोष्ट तिला अनोळखी वाटते, आणि वर्गात हात वर करण्याचे धैर्य ती त्या एका तासात गमावते. अशा वेळी तिच्या ज्ञानात उणीव नसते. दोन शब्दांना जोडणारी एक ओळ फळ्यावर लिहिली गेलेली नसते. मराठी प्रतिशब्द दिल्याने शिक्षणाचा दर्जा घसरतो, असे म्हणणाऱ्यांनी त्या ओळीने कोणता दर्जा घसरला असता, हे सांगावे.

खंडन एवढे पुरे. आता मंडन, म्हणजे स्वतःच्या बाजूची मांडणी; तिच्यासाठी लागणारी सामग्री महाराष्ट्राच्याच इतिहासात विपुल आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, कारण शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर ग्रामीण मुलाला शाळेचे दार उघडे असूनही बंदच असते, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, जेवली आणि आपापल्या हातांनी राबली. १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत पदवी शिक्षणापर्यंत पोहोचली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली मराठवाड्यासाठी औरंगाबादेत महाविद्यालय काढले. यांपैकी कोणीही विद्यार्थ्याला ‘आधी शहरी हो, मग शीक’ असे सांगितले नाही. शेतात राबण्याची सवय, ज्यांचा शहरात संकोच वाटतो अशा हातांची ताकद, भाऊरावांनी शिक्षणाचे भांडवल म्हणून वापरली, आणि त्या पिढ्या टिकल्या.

आजची व्यवस्था या वारशापासून दूर गेली आहे. एका सत्रात अध्यापनाचे दिवस सुमारे नव्वद असतात. त्यांतले पहिले तीस दिवस वसतिगृहाच्या यादीची वाट पाहण्यात, नातेवाइकाकडे पथारी टाकण्यात किंवा ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे केवळ एका खाटेपुरत्या भाड्याच्या जागेत, अनामत रकमेची जुळवाजुळव करण्यात गेले, तर त्या सत्राच्या गुणपत्रिकेवर दिसते ती बुद्धी नव्हे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची स्वाधार योजना आहे. पण घरमालक भाडे महिन्याच्या सुरुवातीला मागतो, आणि मदत उशिरा मिळाली तर ती आधी काढलेल्या कर्जात जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ हा नवागतांसाठीचा कार्यक्रम आखून दिला, हे योग्यच झाले. मात्र सभागृहातल्या भाषणांनी खोलीचा प्रश्न सुटत नाही.

म्हणून विद्यापीठांकडे आणि महाविद्यालयांकडे मागणी तीनच गोष्टींची आहे: वसतिगृहाची यादी तासिका सुरू होण्यापूर्वी लागावी, पहिल्या सत्रात प्रत्येक विषयाची द्विभाषिक परिभाषासूची विद्यार्थ्याच्या हाती पडावी, आणि निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता पहिल्याच महिन्यात खात्यावर जमा व्हावा. एवढे करून झाल्यावर जो विद्यार्थी मागे पडेल, त्याच्या जिद्दीविषयी बोलण्याचा अधिकार त्यांना मिळेल.