तेरचें खापर आणि आमचीं पोरें

वाचकहो, तेर म्हटलें कीं आपणांस गोरोबाकाका आठवतात, आणि तें योग्यच आहे. पण त्यांच्याही सुमारें 1200 वर्षें आधीं एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहून ठेवलें कीं, तगराहून, म्हणजे आपल्या तेरहून, कापडाच्या गाड्या वाट नसलेल्या मुलुखांतून भडोच बंदरास जातात. तो कापूस कोणीं पिकविला? सूत कोणीं कांतलें? गाडीचें चाक कोणीं घडविलें? राजांच्या वंशावळी पाठ करणाऱ्या पोराला हें कोणी विचारीत नाहीं.

रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या वस्तूंतून तेरला सरकारी संग्रहालय उभें राहिलें. भाजल्या मातीच्या मूर्ति काय, मणी काय! तेरला सांपडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक बाहुली 1938 सालीं इटलींत पाँपेई येथें राखेखालीं मिळाली. सहलीच्या गाड्या मात्र लांब धांवतात. नळदुर्गचा पाणीमहाल पाहूं नये असें मी म्हणत नाहीं. पण कुंभाराच्या पोरानें दोन हजार वर्षांचें खापर एकदां तरी डोळ्यांनीं पाहावें.

"यानें पोट भरतें का?" पालक विचारतात. नाहीं भरत. पण "तुमच्या जातीला कसला इतिहास?" असें कोणी म्हटलें, तर त्या पोराला मान खालीं घालावी लागत नाहीं.

संग्रहालयानेंही नुसतें दार उघडून भागणार नाहीं. शाळा येईल त्या दिवशीं गांवच्या कुंभारास मजुरी देऊन अंगणांत चाक मांडावयास बोलवावें. आणि पावसानंतर पांढरींत मणी सांपडला, तर तो दलालाला देऊं नका. मास्तराकडेही नको, थेट संग्रहालयांत पोंचवा.