मोटारशर्यतीच्या प्रेक्षकांत विशेष मुले कुठे बसतील?

नवी दिल्ली : ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये झालेल्या ‘मोटोजीपी भारत’ स्पर्धेत मुख्य शर्यतीच्या फेऱ्या २४ वरून २१ वर आणण्यात आल्या. कारण होते ऊन. जगातील सर्वांत तंदुरुस्त खेळाडूंमध्ये गणना होणाऱ्या दुचाकीस्वारांच्या शरीराची मर्यादा ओळखून घेतलेला हा निर्णय योग्यच होता. शर्यत संपल्यावर काही स्वारांची झालेली अवस्था पाहता तो अपुराही वाटावा. परंतु त्याच उन्हात उघड्या स्टँडमध्ये तासन् तास बसणाऱ्या प्रेक्षकाच्या शरीराचा विचार शर्यतीची नियमपुस्तिका करत नाही. त्या प्रेक्षकांत एखादे स्वमग्न मूल असेल, सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअरवर बसलेली मुलगी असेल, हा विचार तर आणखी दूरचा.

भारतात मोटारशर्यत आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाही. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादेत हुसेनसागराच्या काठावर फॉर्म्युला ई झाली, जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉस झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची फॉर्म्युला फोर शर्यत झाली. शर्यत शहरात आली की ती कुटुंबाच्या सहलीचा भाग होते. मग ज्या घरात विशेष गरजा असलेले मूल आहे, त्या घरापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो : त्याला न्यायचे की एका पालकाने त्याच्यासोबत घरी थांबायचे? बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते आणि तो थांबणारा पालक बहुधा आई असते.

अशा मुलांना इतक्या गोंगाटात न्यावेच कशाला, असे नातेवाईक आणि शेजारी सहज विचारतात. प्रश्न काळजीपोटी येतो, पण मुलाला काय आवडते हे त्यात गृहीतच धरलेले नसते. चाके, वाहनांचे क्रमांक, रंग आणि वेळापत्रके यांत रमणारी स्वमग्न मुले अनेक पालकांच्या आणि शिक्षकांच्या परिचयाची आहेत. मोटारशर्यत हा तसा कमालीचा शिस्तबद्ध खेळ आहे. तीच गाडी, तोच रंग, तोच क्रमांक ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा समोरून जातो. पिवळ्या, लाल आणि चौकटीच्या झेंड्यांचे अर्थ पक्के असतात. प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत फलकावर उमटते. कर्णबधिर मुलाला इंजिनाची थरथर स्टँडच्या फळीतून पायांना जाणवते. दृष्टिहीन मुलाला गाडी जवळ येताना चढणारा आणि दूर जाताना उतरणारा सूर ऐकून वळण कुठे आहे हे सांगता येते. क्रिकेटच्या मैदानावर यातले फारसे काही मिळत नाही.

राहता राहिला आवाज. ही भीती खरी आहे, मात्र सगळ्या शर्यतींना एकच माप लावणे चुकीचे ठरेल. २०११ साली भारतात आलेल्या फॉर्म्युला वन गाड्यांची आठ सिलिंडरची इंजिने मिनिटाला १८ हजार फेरे घेत. ट्रॅकलगतचा त्यांचा आवाज १२० डेसिबलच्या पुढे जाई. २०१४ पासून आलेली सहा सिलिंडरची हायब्रिड इंजिने त्या मानाने शांत आहेत. मोटोजीपीच्या दुचाकी मात्र अजूनही कानठळ्या बसवतात. उलट विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ई गाडीचा आवाज साधारण ८० डेसिबलच्या आसपास, म्हणजे गजबजलेल्या रस्त्याइतका असतो.

ध्वनीचे गणित सरळ नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. कामाच्या ठिकाणांसाठी रूढ असलेल्या मोजणीनुसार ८५ डेसिबलचा आवाज प्रौढ माणसाला दिवसाला आठ तास सोसतो. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात अवघी १५ मिनिटे. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने श्रवणसाधनांच्या वापराची मर्यादा प्रौढांपेक्षा पाच डेसिबलने खाली, आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी सुचवली आहे. कान झाकणारे इअरमफ आवाज बऱ्यापैकी कमी करतात. ते लहानग्यांच्या डोक्याच्या मापाचेही मिळतात. अडचण वेगळीच आहे. स्पर्शाबाबत संवेदनशील असलेले मूल डोक्यावरचा तो दाब दोन मिनिटांत भिरकावून देते. म्हणून त्याची सवय घरीच, टीव्हीवर शर्यत लावून, आठ-पंधरा दिवस आधीपासून करावी लागते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाने ते शर्यतीत घालावे की काढावे, हे ऑडिओलॉजिस्टला विचारूनच ठरवायला हवे. शिवाय शहरातील शर्यतीत गाड्यांपेक्षा समालोचनाचे भोंगे, डीजे आणि फटाके जास्त त्रास देऊ शकतात. अपस्माराचा त्रास असलेल्या मुलासाठी लुकलुकणारे प्रखर दिवे धोक्याचे ठरू शकतात. कोणत्या वेळी काय वाजणार आणि काय चमकणार, याची माहिती आयोजकांकडे असतेच. ती तिकिटासोबत देण्यास पैसा लागत नाही.

आवाजाहून कठीण असते ती प्रतीक्षा. चेन्नईच्या शर्यतीचेच उदाहरण घ्यावे. डिसेंबर २०२३ मध्ये ठरलेली ही शर्यत मिचाँग चक्रीवादळामुळे पुढे ढकलली गेली. ती ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस झाली, तेव्हा पाऊस आणि ट्रॅकला मिळणारी अंतिम मान्यता लांबल्याने पहिल्या दिवसाचे वेळापत्रक कोलमडले. सर्वसाधारण प्रेक्षक अशा वेळी वैतागतो, भजी खातो आणि वाट पाहतो. ‘सहा वाजता गाड्या येतील’ असे चित्रे दाखवून आठवडाभर समजावलेल्या स्वमग्न मुलाला मात्र सहा वाजता न आलेली गाडी म्हणजे मोडलेले वचन वाटते. त्यानंतर होणारा आक्रोश हा हट्ट नसतो, पण आजूबाजूच्या हजार डोळ्यांना तो हट्टच दिसतो. त्या क्षणी पालकांना हवी असते बाहेर पडण्याची वाट आणि थोडी शांत जागा. आपल्याकडील मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांवर तर बहुधा छापलेले असते, की एकदा बाहेर पडल्यास पुन्हा प्रवेश नाही. गर्दीच्या नियंत्रणासाठी केलेला हा नियम विशेष मुलाच्या कुटुंबासाठी शर्यत तेथेच संपवतो.

स्वच्छतागृहांविषयी तर बोललेच जात नाही. मोकळ्या मैदानात उभी केलेली तात्पुरती शौचालये एक-दोन पायऱ्या उंच आणि अरुंद दाराची असतात. व्हीलचेअर आत जातच नाही. डायपर लागणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचे कपडे बदलायचे असतील तर त्याला निजवण्याजोगा, कमरेच्या उंचीचा मजबूत बाक हवा. तो नसल्यास दोनच पर्याय उरतात : शौचालयाची ओली फरशी किंवा पार्किंगमधील गाडीची मागची सीट. बुद्ध सर्किटच्या प्रवेशद्वारापासून स्टँडपर्यंतचे अंतर ज्यांनी दुपारच्या उन्हात चालून पाहिले आहे, त्यांना या दुसऱ्या पर्यायाची किंमत सांगायला नको. अशी मुले दिवसभर पाणी न पिता बसवून ठेवली जातात. मज्जारज्जूच्या विकारामुळे ज्यांच्या शरीराचे तापमान नीट राखले जात नाही, त्यांच्यासाठी उन्हात पाणी तोडणे हा थेट धोका आहे.

कायदा या सगळ्याविषयी गप्प नाही. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या ३० व्या अनुच्छेदात दिव्यांग मुलांना खेळ, करमणूक आणि क्रीडाविषयक उपक्रमांत इतर मुलांच्या बरोबरीने सहभाग मिळावा, असे नमूद आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे २९ वे कलम सांस्कृतिक जीवन व करमणुकीतील समान सहभागाची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकते. याच कायद्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत खासगी मालकीच्या करमणुकीच्या जागाही येतात. जून २०१७ मध्ये नियम प्रसिद्ध झाले. तेव्हापासून सेवा पुरवणाऱ्यांना दोन, तर जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत होती. ती २०१९ आणि २०२२ मध्ये अनुक्रमे संपली. पहिल्या उल्लंघनासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आंतरराष्ट्रीय शर्यतीच्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम किती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पुढील उल्लंघनांसाठी मात्र तो पाच लाखांपर्यंत जाऊ शकतो.

या नियमांची मुख्य उणीव सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणातील निकालात दाखवून दिली. कायदा बंधनकारक असताना सुगम्यतेविषयीचा नियम १५ (१) केवळ शिफारशींच्या भाषेत लिहिला आहे, म्हणून तो कायद्याशी विसंगत ठरतो, असे न्यायालयाने म्हटले आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक किमान मानके ठरवण्यास सांगितले. हा निकाल प्रामुख्याने इमारती, वाहतूक आणि माहिती यांच्या संदर्भात वाचला गेला. मोटारशर्यतीच्या बाबतीत त्यातून निघणारा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. रस्त्यावरील शर्यतीचे स्टँड लोखंडी नळ्यांवर चार दिवसांसाठी उभे राहतात आणि पाचव्या दिवशी उतरवले जातात. त्यांना इमारत म्हणायचे का, यावर वाद घालता येईल. परंतु तिकीट विकणे ही सेवा आहे, याविषयी वाद असू नये आणि सेवेला सुगम्यतेचे बंधन लागू आहे. त्यातही चेन्नईच्या शर्यतीत तमिळनाडूचे क्रीडा विकास प्राधिकरण स्वतः सहभागी होते. सरकारी यंत्रणा, सार्वजनिक रस्ता आणि सार्वजनिक पैसा जेथे लागतो, तेथे परवानगीच्या अटींतच या गोष्टी लिहून घेणे राज्यांना सहज शक्य आहे.

प्रत्यक्षात आपल्याकडे दुसरीच पद्धत रुळली आहे. एखाद्या संस्थेच्या मुलांना फुकट पास द्यायचे, टोप्या वाटायच्या, चालकांसोबत छायाचित्र काढायचे. हेतू वाईट नसतो आणि त्या मुलांचा दिवस आनंदात जातो, हेही खरे. पण तिकीट विकत घेऊन येऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला याचा उपयोग नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या आणि त्यांतील ७८ लाखांहून अधिक १९ वर्षांपर्यंतच्या वयाच्या होत्या. इतक्या मोठ्या वर्गाला ‘निमंत्रित पाहुणे’ म्हणून सामावून घेता येत नाही. तो ग्राहक आहे.

ग्राहक मानले की उपाय साधे दिसू लागतात. रेल्वे कित्येक वर्षे दिव्यांग प्रवाशाच्या सोबत्यालाही भाड्यात सवलत देते, कारण सोबती ही चैन नाही हे तिने मान्य केले आहे. शर्यतीच्या तिकिटाला हा न्याय लावता येईल. पुराव्यासाठी केंद्र सरकारचे यूडीआयडी कार्ड आहेच. इंग्लंडमध्ये सन्डरलँडच्या फुटबॉल मैदानावर २०१५ मध्ये स्वमग्न मुलांसाठी आवाजापासून संरक्षण देणारी, काचेतून सामना दाखवणारी खोली सुरू झाली. न दिसणारे दिव्यांगत्व ओळखण्यासाठी गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये आलेली सूर्यफुलाच्या चित्राची हिरवी फीत आज भारतातील काही विमानतळांवरही दिसते. ती गळ्यात असलेल्या कुटुंबाला रांगेत स्पष्टीकरण देत बसावे लागत नाही. पुन्हा प्रवेशाची मुभा देणारा शिक्का, सावलीतील एक शांत तंबू, त्यात बाक असलेले रुंद दाराचे स्वच्छतागृह आणि प्रवेशद्वारावर प्रशिक्षित दोन माणसे, एवढी तयारी एका जाहिरात फलकाच्या खर्चात होऊ शकेल.

तोवर पालकांनी मोठ्या शर्यतीचा रविवारच गाठावा, असे मुळीच नाही. शुक्रवारी सराव असतो. गाड्या त्याच, आवाज तोच, गर्दी आणि तिकीट मात्र कमी. कंटाळा आला तर उठून जाताना हळहळही कमी. त्याहून चांगली सुरुवात राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्यांत होऊ शकते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून असलेला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा दोन किलोमीटरच्या आसपासचा कारी स्पीडवे येथे देशी चालक धावतात. तेथे जागा भरपूर मोकळी असते, गाडी जवळून पाहता येते आणि मुलाला नको झाले तर दहा पावले मागे सरकता येते. तमिळनाडूत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सहज जमेल; मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांना आधी आयोजकांना फोन करून सावली, शौचालय आणि पार्किंग यांची चौकशी करणे भाग आहे.

स्टँडच्या पलीकडचीही एक वाट या खेळात खुली आहे. मुंबई, चेन्नई, बंगळूर अशा शहरांत दृष्टिहीनांना दिशादर्शक म्हणून घेऊन मोटार रॅली होत आल्या आहेत. मार्गाचा तक्ता ब्रेल लिपीत असतो. दृष्टिहीन स्पर्धक बोटांनी तो वाचून कुठे वळायचे आणि किती वेगाने जायचे हे सांगतो, डोळस चालक त्याप्रमाणे गाडी नेतो. येथे वेगाला गुण नसतात, ठरलेल्या वेळेत ठरलेले अंतर कापण्याला असतात. तक्ता एकट्या दिशादर्शकालाच वाचता येत असल्याने चालकाला पूर्णपणे त्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते.