पोट भरलं, पुढे काय?

सोमवार सकाळ. तीच एक्सेल शीट, तीच मीटिंग, कँटीनमध्ये तोच उपमा. पगार वेळेवर, एसी चालू, कूलरचं पाणी गार. तरी अकराच्या सुमाराला माणूस खुर्चीत डोलायला लागतो, पेनचं टोपण चावतो, दर दोन मिनिटांनी मोबाइल उघडून बंद करतो. आपण याला 'जाम बोअर होतंय यार' म्हणतो. पिंजऱ्यात एकटा पडलेला चिंपांझीही असाच डोलतो आणि स्वतःचेच केस उपटत बसतो. फरक इतकाच, की त्याला राजीनामा देता येत नाही.

तर या आठवड्याचा विषय जरा हटके. सुटका झालेल्या चिंपांझींचा दिवस कसा जातो? नांदेड-लातुरात चिंपांझी कुठून आला, असं विचाराल. नाहीच आला. पण ही गोष्ट आपल्या चौकापर्यंत येते. जरा धीर धरा.

कुणी प्रयोगशाळेतून सुटलेला, कुणी सर्कशीतून, कुणी एखाद्या श्रीमंताच्या बंगल्यातून. मग सरळ जंगलात का सोडत नाहीत? कारण लहानपणीच आईपासून तुटलेल्याला जंगल शिकवलेलंच नसतं. शिवाय रानातले चिंपांझी आपल्या हद्दीत परक्याला खपवून घेत नाहीत, कधीकधी जीवच घेतात. म्हणून अभयारण्यं. युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातल्या न्गाम्बा बेटावर 1998 पासून असं एक घर आहे. साधारण 100 एकर जागा आणि पन्नासेक चिंपांझी. दिवसभर झाडीत भटकायचं, मधेमधे जेवायला यायचं, अंधार पडायच्या आत मुक्कामाला.

जेवण आहे, डॉक्टर आहे, भीती नाही. सेटलच की! इथेच खरी गंमत आहे. नुसतं पोट भरून भागत नाही. या कामाला जगभर 'एनरिचमेंट' म्हणतात. मराठीत 'समृद्धी' म्हणावं तर आपल्याला थेट महामार्ग आठवतो. म्हणून आपण साधं 'डोक्याला खाद्य' म्हणू.

1960 मध्ये टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी एका चिंपांझीला गवताची काडी वारुळात घालून वाळवी 'गळाला लावताना' पाहिलं. हत्यार फक्त माणूसच वापरतो, ही आपली शेखी त्या दिवशी उतरली. गुडॉल 2025 च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या 91 व्या वर्षी गेल्या, पण त्या काडीचा धडा आजही रोज गिरवला जातो. अभयारण्यांत सिमेंटची खोटी वारुळं बांधतात आणि भोकांत मध किंवा फळांचा गर भरतात. काडी शोधा, ती सोलून नीट करा, मग खा! शेंगदाणे गवतात लपवायचे, फळांच्या रसाचा बर्फ करून द्यायचा, रिकामी खोकी टाकायची. रात्रीसाठी पेंढा आणि गोधड्या, कारण रानातला चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवं घरटं करतो. हात ते काम विसरत नाहीत.

आणि आज दिलेलं उद्या तसंच द्यायचं नाही. कोडं एकदा सुटलं की त्यातली मजा संपली. आपल्या लातूर पॅटर्नच्या अगदी उलट! तिकडे टाइमटेबल पक्कं, इकडे टाइमटेबलमध्ये रोज काहीतरी सरप्राइज. कुणी काय वापरलं, कशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, याची सांभाळणारे नोंद ठेवतात.

शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट दिसलीय. फुकटचं ताट समोर असतानाही पुष्कळ प्राणी थोडं काम करून मिळणारा घास पसंत करतात. उंदीर, कबुतरं, माकडं, सगळे. पाळीव मांजर मात्र अपवाद निघालं. ते फुकटच खातं. आपल्या ऑफिसातही एखादं असतंच!

आता आपल्या चौकात येऊ. गंजगोलाईला लहानपणी माकडवाला यायचा. डमरू वाजला की माकड टोपी घालायचं, सासरी निघायचं, सलाम ठोकायचं. आम्ही टाळ्या पिटायचो. त्याच्याही डोक्याला काम होतंच की, असं वाटू शकतं. पण त्या कामात त्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं. गळ्यात दोरी आणि समोर काठी. अभयारण्यातल्या चिंपांझीला वारुळाकडे पाठ फिरवून झोपायची मुभा असते. करमणूक कुणाची होतेय, हा खरा फरक.

विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये पहिली भारतीय सर्कस काढली, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण 1998 मध्ये सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली, आणि 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. पोट दोन्हीकडे होतं, हेही खरं. अस्वल नाचवणाऱ्या कलंदरांना दुसरा धंदा मिळवून दिला, तेव्हा कुठे नाचणारी अस्वलं रस्त्यावरून गेली. नुसती बंदी पुरत नाही.

महाराष्ट्रात याचा सगळ्यात जवळचा धडा हेमलकशाचा. लोकबिरादरी प्रकल्प 1973 मध्ये सुरू झाला. तिथल्या सुरुवातीच्या दिवसांत डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना शिकार घेऊन परतणारे माडिया भेटले. मेलेल्या माकडिणीला जिवंत पिल्लू बिलगलं होतं. आमट्यांनी ते मागून घेतलं. ती बबली. तिच्यापासून पुढे प्राण्यांचं अख्खं अनाथालय उभं राहिलं. माडिया शिकार करायचे ती भुकेपोटी, म्हणून पिल्लू आणणाऱ्याला खाण्याची दुसरी सोय करून द्यायची, असा साधा व्यवहार ठरला. तिथे ना सिमेंटचं वारूळ होतं, ना महागडी खेळणी. होती ती सोबत. डोक्याच्या खाद्यातला पहिला घास तोच. एकट्या माकडाला कितीही खेळणी द्या, ते कोपराच धरतं.

चिंपांझीचं पिल्लूही असंच आईपासून तोडलं जातं. ते पाचेक वर्षं दूध पितं, आई त्याला सहजासहजी सोडत नाही. म्हणून बहुतेक वेळा आधी आईला मारतात. हे फक्त आफ्रिकेत चालतं असं समजू नका. 2019 मध्ये कोलकात्यात ईडीनं मनी लाँडरिंगच्या प्रकरणात तीन चिंपांझी आणि चार मार्मोसेट माकडं जप्त केली. एका चिंपांझीची किंमत लावली होती 25 लाख! त्यांचा मुक्काम अलीपूर प्राणिसंग्रहालयात गेला.

हा बाजार चालतो कशावर? हौसेवर. डायपर घातलेलं माकडाचं पिल्लू केक कापतंय, असा व्हिडिओ आपल्या ग्रुपवर येतो आणि आपण 'सो क्यूट' टाकून पुढे ढकलतो. गावच्या माकडवाल्याचे गिऱ्हाईक कमी झाले, मोबाइलवाल्याचे वाढले. तर बॉस, एवढं करा. असा व्हिडिओ आला की लाइक नको, फॉरवर्ड तर अजिबात नको. कुणी वन्यप्राणी विकताना, बांधून ठेवताना दिसला तर वन विभागाचा 1926 हा टोल-फ्री नंबर फिरवा. आणि हो, काकूंच्या गॅलरीत पिंजऱ्यात 'मिठू मिठू' करणारा आपला हिरवा पोपटही कायद्यानं पाळता येत नाही. काकूंना जरा गोडीनं सांगा.

घरात कुत्रा असेल तर आज रात्री छोटासा प्रयोग करा. त्याचं खाणं ताटलीत न टाकता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा आणि टॉवेल गुंडाळून समोर ठेवा. नाक, पंजे, डोकं सगळं कामाला लागेल. दोन मिनिटांत संपणारं जेवण पंधरा मिनिटं पुरेल आणि शेपूट पूर्ण वेळ हलत राहील. खर्च? शून्य रुपये. फक्त उद्या टॉवेलऐवजी खोकं घ्या.