‘मिटवून टाका’ : तडजोड कोणाच्या हिताची?

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील कार्यालये संध्याकाळी सुटतात, तेव्हा वाकडकडे जाणारी वाहने एकमेकांना खेटूनच पुढे सरकत असतात. अशा गर्दीत घरपोच सामान पोहोचविणाऱ्या एखाद्या तरुणाच्या स्कूटरला मोटारीचा धक्का लागतो. आरसा फुटतो, हँडल वाकते, गुडघ्याला मार बसतो. मागून हॉर्न सुरू होतात आणि कोणीतरी म्हणते, ‘मिटवून टाका.’ थोडे पैसे दिले-घेतले जातात आणि सारे आपापल्या वाटेने निघून जातात. ना नोंद, ना कागद.

अशी प्रत्येक तडजोड अन्यायाचीच असते, असे नाही. दोन मोटारींचे केवळ पत्रे घासले असतील, तर मालकांनी आपसांत खर्च भागविण्यात गैर काही नाही. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी विम्याचा दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. ही सवलत २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच दावारहित वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. किरकोळ खर्च पदरचा करणे म्हणूनच परवडते. हा दोन समानांमधील सरळ हिशेब आहे.

परंतु मोटार आणि स्कूटर यांच्यामध्ये ही समानता नसते. रस्त्यावर उभे राहिलेल्या प्रत्येक मिनिटाला त्या तरुणाची कमाई बुडत असते. तडजोडीची रक्कम नुकसानीवरून ठरत नाही. अधिक काळ कोण थांबू शकतो, यावरून ठरते. कधी याच्या उलटही घडते. जमाव जमतो आणि चूक नसलेल्या रिक्षावाल्याला खिसा रिकामा करावा लागतो. दोन्ही ठिकाणी न्याय नसतो, बळ असते.

नेमके हेच टाळण्यासाठी वाहनाचा त्रयस्थ-पक्ष विमा सक्तीचा झाला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील ही सक्ती १९४६ मध्ये अमलात आली आणि १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ ने ती कायम ठेवली. जखमी माणसाची भरपाई वाहनमालकाच्या मर्जीवर वा ऐपतीवर अवलंबून राहू नये, हे त्यामागचे तत्त्व. १९७३ मध्ये सर्वसाधारण विमा राष्ट्रीयीकृत झाला, २००० नंतर खासगी कंपन्या आल्या. पण जखमीचा हा हक्क कायम राहिला. शिवाय त्रयस्थाला दिलेल्या भरपाईमुळे मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ बुडत नाही. म्हणजे दोन मोटारमालकांच्या तडजोडीमागचा हिशेब येथे लागूच पडत नाही. घाई असते ती बहुधा पोलीस ठाण्याची पायरी टाळण्याची, आणि क्वचित विम्याची मुदत संपल्याचे झाकण्याची.

मग लोक हा हक्क का सोडतात? कारण फुटलेल्या आरशासाठी अपघात दावा न्यायाधिकरणाच्या तारखा आणि वकिलाची फी कोणाला परवडणार? हा दोष रस्त्यावरच्या माणसांचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. किरकोळ नुकसानीचा दावा साध्या अर्जावर आणि थोड्या दिवसांत निकाली निघेल, अशी सोय झाली पाहिजे. दुखापतीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. गुडघ्याचे दुखणे कधी दुसऱ्या दिवशी कळते. तोवर मोटार निघून गेलेली असते, तिचा क्रमांकही हाती नसतो. त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने दावा दाखल करण्यास सहा महिन्यांची मुदत घातली.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक भेद लोकांना समजावून सांगितला पाहिजे. केवळ पत्र्याचे नुकसान असेल, तर आपसांत मिटवावे. मात्र रक्कम, दिनांक आणि दोन्ही वाहनांचे क्रमांक लिहून सह्या घ्याव्यात. माणसाला इजा झाली असेल, तर चौकात काहीही मिटवू नये. छायाचित्र, क्रमांक आणि विम्याचा तपशील घ्यावा, इस्पितळात नोंद करावी आणि पोलिसांना कळवावे. चोवीस तासांच्या आत असे कळविणे हे कलम १३४ नुसार चालकाचेच कर्तव्य आहे.

अशा वेळी गर्दीतील एकाने जरी ‘मिटवून टाका’ऐवजी ‘आधी नोंद करा’ असे म्हटले, तरी त्या तरुणाचा हक्क शाबूत राहील.